आवाज गेला म्हणजे दोष गेला का? घरी बनवलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण शोधताना



आजचा पाठ एका प्लगपासून सुरू करतो.

आमच्या नवी मुंबईतल्या शाळेत दहावीचा एक विद्यार्थी मामांच्या मदतीने बनवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. आजोबांच्या जुन्या रेडिओची आवड घरात उतरलेली. अॅल्युमिनियमच्या पेटीवर काचेचे दोन व्हॉल्व्ह, मागे दोन ट्रान्सफॉर्मर, सगळं हाताने जोडलेलं. गाणं लागलं की आवाज खरंच छान. पण गाणं थांबलं की मागे सतत "हूंऽऽ" अशी गुणगुण.

तो म्हणाला, "सर, आधी याच्यापेक्षा जास्त होती. मामांनी अर्थिंग काढलं, तेव्हा निम्मी झाली."

मी प्लग उघडून पाहिला. हिरवी वायर कापून तिच्यावर टेप गुंडाळलेली होती. "हे कोणी सांगितलं?" "व्हिडिओत होतं, सर."

मी अ‍ॅम्प्लिफायर तिथेच बंद केला. गुणगुण नंतर गेली, पण आधी प्लग दुरुस्त झाला. असं का, आणि दोष नेमका कसा सापडला, ते या लेखात पाहू. तुमच्या घरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर नसला तरी हरकत नाही. दोष शोधायची ही पद्धत मिक्सरपासून गणितातल्या चुकलेल्या उदाहरणापर्यंत सगळीकडे चालते.

आधी थोडी ओळख

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नलिका. काचेच्या नळीतली हवा काढलेली असते. आत एक तंतू तापतो, त्याच्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन विभव असलेल्या पट्टीकडे (प्लेटकडे) जातात. मध्ये तारेची एक जाळी (ग्रिड) असते. जाळीवरचं विभव थोडंसं बदललं की प्लेटकडे जाणारी धारा खूप बदलते. नळाची चावी जरा फिरवली की पाण्याची धार कमीजास्त होते, तसंच हे.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला हे ठाऊक आहे. रेडिओ लावला की आधी दिवा लागायचा आणि आवाज थोड्या वेळाने यायचा, कारण तंतू तापायला वेळ लागायचा. मर्फीचा रेडिओ बनवणारा कारखाना ठाण्यातच होता. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही १९६० च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह भारतात बनवले. आज हौशी मंडळी लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या सामानाच्या बाजारात भाग शोधतात आणि घरी जोडतात.

आमच्या विद्यार्थ्याच्या पेटीत पहिला व्हॉल्व्ह ईसीसी८३ होता. तो छोटा संदेश मोठा करतो. दुसरा ईएल८४, जो स्पीकर चालवतो. असा एका ईएल८४ चा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे ५ वॅट देतो. घरच्या खोलीला तेवढे पुरतात.

एवढीशी गुणगुण एवढी मोठी का ऐकू येते?

मुलांना हे गणित जरूर करायला द्या.

ईसीसी८३ चा एक टप्पा संदेश साधारण ६० पट मोठा करतो. समजा, त्याच्या जाळीवर फक्त १ मिलिव्होल्ट नको असलेला विद्युतदाब आला. तो ६० मिलिव्होल्ट होऊन ईएल८४ वर पोहोचतो. ईएल८४ ला पूर्ण आवाजासाठी सुमारे ४.३ व्होल्ट लागतात. म्हणजे गुणगुण पूर्ण दाबाच्या साधारण सत्तराव्या भागाइतकी झाली. शक्ती दाबाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून शक्ती साधारण पाच हजारावा भाग, म्हणजे १ मिलिवॅटच्या आसपास. दिवसा गोंगाटात ती कळणारही नाही. पण रात्री शांत खोलीत चांगल्या स्पीकरवर एवढीही कानाला टोचते.

यातून पहिला धागा मिळतो. दोष जितका सुरुवातीच्या टप्प्यात, तितका तो पुढे मोठा होतो. म्हणून शोध घेताना पेटीचे भाग करायचे आणि दोष कोणत्या भागात आहे ते ठरवायचं.

आधी सुरक्षितता, मग कुतूहल

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या आत सुमारे ३०० व्होल्ट दिष्ट विद्युतदाब असतो. तो साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेलेच राहू शकतात. ४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ३०० व्होल्टला सुमारे २ ज्यूल ऊर्जा धरून ठेवतो. तो झटका जिवावर बेतू शकतो.

"घरात आरसीसीबी आहे, तो वाचवेल," असं अनेक पालकांना वाटतं. पण आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या धारेतला फरक पाहतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतला ३०० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला आहे. तिथे झटका बसला तर आरसीसीबीला ते कळतच नाही. म्हणून हे नियम:

१. पेटी उघडून काम फक्त अनुभवी मोठ्या माणसाने करायचं. मुलांनी आवाज ऐकायचा, नोंदी करायच्या, अंदाज बांधायचा.

२. कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रोध कायमचा जोडायचा. ४७ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर असतील तर काल-स्थिरांक सुमारे २१ सेकंद येतो. पाच पट वेळ, म्हणजे पावणेदोन मिनिटांत, ३०० व्होल्टचे सुमारे २ व्होल्ट उरतात.

३. तरीही विश्वास ठेवायचा नाही. प्लग काढून, थांबून, मल्टिमीटरने मोजायचं. दाब उतरला आहे हे दिसल्यावरच हात लावायचा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणं हा उपाय नाही.

४. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याने खराब होऊ शकतो.

५. अर्थिंग कधीही काढायचं नाही. कारण पुढे येतंच.

आवाजाला नाव द्या

डॉक्टर "दुखतंय" एवढ्यावर औषध देत नाही. कुठे, कसं, कधी, हे विचारतो. इथेही तसंच. मुलांना डोळे मिटून ऐकायला सांगा आणि आवाजाचं वर्णन लिहायला लावा.

"हूंऽऽ" – मऊ, खोल, एकसुरी. हा बहुधा ५० हर्ट्झचा. आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ती कुठून तरी थेट शिरते आहे. तंतूच्या वायरी, उघडी इनपुट वायर किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगचं कडं, यांच्यावर संशय घ्यायचा.

"घर्रर्र" – त्याच्या वरच्या सप्तकातला, थोडा खरखरीत. हा १०० हर्ट्झचा. प्रत्यावर्ती धारेचं दिष्ट धारेत रूपांतर करताना तरंगाचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून ५० चे १०० होतात. संशय पॉवर सप्लायवर.

"सूंऽऽ" – पाऊस दूरवर पडल्यासारखा. थोडा असतोच, तो रोध आणि व्हॉल्व्ह यांचा स्वाभाविक आवाज. जास्त असेल तर पहिला व्हॉल्व्ह किंवा त्याच्या प्लेटचा रोध बदलून पाहायचा.

"चट्-चट्" – अनियमित. मळलेल्या पिना, कच्चं सोल्डरिंग. आपल्याकडे खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हा त्रास हमखास.

"झ्झ्झ्" – पंख्याचा रेग्युलेटर फिरवला किंवा एखादा दिवा लावला की बदलणारा. तो पेटीच्या बाहेरून येतो आहे.

संगीत शिकणाऱ्या मुलांना यात मजा येते. १०० हर्ट्झ हा सूर पेटीच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या अगदी जवळ, किंचित चढा आहे. ५० हर्ट्झ त्याच्या बरोबर एक सप्तक खाली.

कानावर भरवसा नसेल तर फोनवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात ते खास विज्ञान शिकवण्यासाठी बनवलं आहे. त्यातला ध्वनीचा वर्णपट उघडून फोन स्पीकरजवळ धरा. एक खुबी लक्षात ठेवा. लहान स्पीकर आणि फोनचा माइक ५० हर्ट्झला कमजोर असतात, त्यामुळे तिथलं शिखर बुटकं दिसू शकतं. म्हणून पूर्ण रांग पाहा. ५०, १५०, २५० अशी शिखरं दिसली तर मूळ ५० चं. फक्त १००, २००, ३०० दिसली तर मूळ पॉवर सप्लायचं.

आमच्या पेटीत काय दिसलं? लॅपटॉप जोडलेला नसताना १००, २००, ३०० अशी रांग. लॅपटॉप जोडल्यावर त्यात ५० आणि १५० ची भर. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. मामांची अडचण इथेच झाली होती. एका दोषावर उपाय केला की दुसरा ऐकू यायचा आणि उपाय फसला असं वाटायचं.

एका वेळी एकच बदल

आता वहीत तीन रकाने आखले: काय बदललं, काय ऐकू आलं, त्याचा अर्थ काय. लॅपटॉप बाजूला ठेवला आणि आधी १०० हर्ट्झचा पाठलाग केला.

पहिली चाचणी: आवाजाचं बटण शून्यावर. गुणगुण तेवढीच राहिली. हे बटण इनपुटलाच होतं, म्हणजे दोष बटणाच्या पुढे आहे. इनपुटची वायर निर्दोष ठरली.

दुसरी चाचणी: बंद करून, गार होऊ देऊन, ईसीसी८३ काढला आणि स्पीकर जोडलेला ठेवूनच पुन्हा चालू केलं. गुणगुण जवळजवळ गेली. म्हणजे ईएल८४ आणि मुख्य पॉवर सप्लाय ठीक. दोष पहिल्या व्हॉल्व्हच्या टप्प्यात.

इथे थांबून मी मुलाला विचारलं, "आता उरलं काय?" त्याने तीन गोष्टी लिहिल्या: त्या टप्प्याला वीज देणारा कपॅसिटर, तंतूच्या वायरी आणि जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, वायर.

तंतूला प्रत्यावर्ती धारा जाते, तिचा आवाज ५० हर्ट्झचा असता. फोन १०० दाखवत होता. त्यामुळे तंतू यादीतून गेला. (तो दोषी असता तर दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळून पेटीच्या कोपऱ्यातून न्यायच्या आणि १०० ओहमच्या दोन रोधांनी त्यांचा मध्य ग्राउंडला जोडायचा, हा नेहमीचा उपाय आहे.)

तिसरी चाचणी: पेटी बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, पहिल्या टप्प्याच्या कपॅसिटरला समांतर एक नवा जोडला. चालू केलं. काहीच फरक नाही. कपॅसिटर निर्दोष.

उरली ग्राउंडची वायर.

टाकी आणि पंप

इथला दोष कळायला आपल्या सोसायटीची गच्चीवरची टाकी आठवा. पंप दिवसातून दोनतीनदा चालतो तेव्हा पाणी जोरात, धक्क्याने वर जातं. टाकीतून मात्र घरोघरी संथ धार येते. आता समजा, प्लंबरने तुमच्या घराचा नळ टाकीला न जोडता पंपाच्या पाइपला जोडला. पंप चालू झाला की तुमच्या नळाला हिसके बसतील. पाणी तेच, टाकीही चांगली, फक्त जोडण्याची जागा चुकली.

कपॅसिटर म्हणजे ती टाकी. डायोडमधून येणारी धारा सतत वाहत नाही. सेकंदाला १०० वेळा छोट्या पण जोरदार ठोक्यांनी ती कपॅसिटर भरते. या पेटीला सुमारे ५६ मिलिअँपिअर धारा लागते. तरंगाचं साधं सूत्र पाहा: तरंग = धारा ÷ (वारंवारता × धारिता). म्हणजे ०.०५६ ÷ (१०० × ०.००००४७), सुमारे १२ व्होल्ट. पहिल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या डोक्यावर एवढी लाट असतेच. पुढचा १ किलोओहमचा रोध आणि दुसरा ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिला सुमारे तिसाव्या भागावर आणतात. हे सगळं नीट चाललं होतं.

पण ते ठोके ज्या वायरीतून परत जातात, म्हणजे डायोड आणि पहिल्या कपॅसिटरचं ऋण टोक यांच्या मधल्या वायरीवर, ईसीसी८३ चं ग्राउंड सोल्डर केलेलं होतं. तिथे जागा सोयीची होती म्हणून. वायरीला अगदी थोडा रोध असतो, पण ठोका जोरदार असला की त्या थोड्या रोधावरही काही मिलिव्होल्ट तयार होतात. १ मिलिव्होल्टचं काय होतं ते आपण वर पाहिलंच आहे.

मामांनी ती वायर काढून थेट कपॅसिटरच्या ऋण टोकावर जोडली. नवा भाग एकही नाही. वायर जेमतेम चार बोटं सरकली. पेटी चालू केली, व्हॉल्व्ह तापले, आणि काहीच ऐकू आलं नाही. मुलाने कान स्पीकरला लावला. "सर, चालू आहे ना?" हा प्रश्न मला फार आवडला.

आता ती हिरवी वायर

लॅपटॉप जोडल्यावर येणारा ५० हर्ट्झचा आवाज अजून उरला होता. प्लगला आपण अर्थिंग परत जोडलं होतं, त्यामुळे तो आता पहिल्यापेक्षा मोठा होता. मामा थोडे नाराज झाले. मला त्यांची नाराजी समजत होती. महिनाभर त्यांनी काम केलं होतं, आणि एक वायर कापून आवाज कमी होतो हे त्यांनी स्वतः ऐकलं होतं.

मी म्हटलं, "मामा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अर्थिंग काढलं की हा आवाज जातो. पण त्याबरोबर अजून काय जातं, ते बघू."

लॅपटॉपच्या चार्जरलाही तीन पिना होत्या. अ‍ॅम्प्लिफायरला अर्थ, लॅपटॉपला अर्थ, आणि दोघांना जोडणाऱ्या केबलची बाहेरची जाळी. मिळून एक बंद कडं तयार झालं. त्यातून ५० हर्ट्झची बारीक धारा फिरते आणि संदेशात मिसळते. हिरवी वायर कापली की कडं तुटतं, आवाज जातो.

आता कल्पना करा, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधीतरी जळालं आणि फेज धातूच्या पेटीला लागली. अर्थिंग असेल तर धारा जमिनीकडे धावते, एमसीबी किंवा आरसीसीबी उडतो आणि घरात अंधार होतो. एवढंच. अर्थिंग नसेल तर काहीच उडत नाही. अ‍ॅम्प्लिफायर गातच राहतो, पेटीवर २३० व्होल्ट घेऊन. बटण फिरवायला येणारा पहिला हात मग जमिनीकडे जाणारी वाट बनतो. आणि या घरात तो हात पंधरा वर्षांच्या मुलाचा होता.

मामा काही बोलले नाहीत. उरलेला टेपचा तुकडा त्यांनी कचऱ्यात टाकला.

योग्य उपाय असे आहेत. आधी खात्री: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर कारण अर्थिंगचं कडं किंवा चार्जर. मग दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावा, कडं लहान होतं. तरी उरला तर संदेशाच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो संदेश चुंबकीय मार्गाने पुढे देतो, पण दोन्हीकडची ग्राउंड वेगळी ठेवतो. कडं तुटतं संदेशाच्या बाजूने, सुरक्षिततेच्या बाजूने नाही. आमच्याकडे हाच उपाय लागू पडला.

जाता जाता घरचे सॉकेटही वायरमनकडून तपासून घ्या. तिसरं भोक असणं म्हणजे त्याच्या मागे अर्थिंग जोडलेलं असणं, असं गृहीत धरू नका.

वर्गासाठी सुरक्षित कृती

३०० व्होल्टशिवायही हा पाठ घेता येतो. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एलएम३८६ आयसीचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडा.

१. इनपुटच्या उघड्या वायरीला बोट लावा. गुणगुण येईल. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात ५० हर्ट्झ आले कुठून? भिंतीतल्या वायरींच्या विद्युत क्षेत्रातून आपल्या शरीराने ते पकडले.

२. साध्या वायरीऐवजी जाळीची (शील्डेड) वायर लावा. किती फरक पडला ते फोनवर पाहा.

३. सुरू असलेल्या मोबाइल चार्जरजवळ वायर न्या. शिखरांची रांग कशी बदलते ते नोंदवा.

४. प्रत्येक वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले तर ती नोंद खोडायची.

नववीतले 'धाराविद्युत' आणि 'ध्वनीचा अभ्यास', दहावीतला 'विद्युतधारेचे परिणाम' हे पाठ या एका कृतीत एकत्र येतात.

चर्चेसाठी प्रश्न: ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो तेव्हा तो आवाज ५० हर्ट्झचा असतो की १०० चा? (१०० चा. चुंबकीय क्षेत्राची दिशा कोणतीही असो, गाभा प्रत्येक अर्ध्या तरंगात एकदा ताणला जातो.)

पालकांसाठी शेवटचं

मुलगा परीक्षेत चुकतो तेव्हा आपणही कधीकधी हिरवी वायरच कापतो. उत्तर पाठ करून घेतो, गुण वाढतात, कुरकुर थांबते. चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली हे मात्र तसंच आत राहतं. त्यापेक्षा वही उघडा, पायऱ्या वेगळ्या करा, एकेक तपासा. बहुतेक वेळा चूक चार बोटं सरकवण्याएवढीच निघते.

तुमच्या वर्गात ही कृती केलीत तर मुलांच्या नोंदी जरूर कळवा. विशेषतः ज्या नोंदींमध्ये अंदाज चुकला, त्या.